टोकाची फळी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा डोंगरावर रान इतकं दाट होतं की भर दुपारी वाटसरूला चाचपडत चालावं लागे. त्या डोंगरातून एक नदी खाली यायची आणि समुद्राला मिळायची. मिळायची तिथं खाडी होती, आणि खाडीच्या तोंडाशी मासेमारांचं एक गाव होतं.

घरं बेताचीच, होड्या त्याहून बेताच्या. पण चिखल? चिखल मात्र विचारूच नका! गाव आणि पाणी यांच्यामध्ये तो पसरलेला, काळा, चकचकीत, दिसायला अगदी गरीब. एकदा एक म्हैस त्यात उतरली. लोक दोर घेऊन धावत येईपर्यंत तिची शिंगंसुद्धा दिसेनाशी झाली होती. म्हणून त्या गावात होडीतून सरळ काठावर उतरायची सोय नव्हती. उतरायचं ते लाकडी धक्क्यावर. खांब चिखलात खोल ठोकलेले, त्यांच्यावर फळ्या, आणि फळ्यांची ती वाट घरांपासून निघून थेट खोल पाण्यापर्यंत गेलेली. धक्का आहे तर आपण आहोत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

धक्का खचला की नवा बांधायचा, आणि त्याची एक रीत होती. प्रत्येक घरानं एक फळी द्यायची. लाकूड निवडायचं घरच्या पुरुषानं, पण फळी बसवून घ्यायची घरच्या बाईनं. का, तर पुरुष जाणार समुद्रावर, आणि त्याची वाट बघत धक्क्यावर उभी राहणार ती बाई. मग साऱ्या फळ्यांना माशाच्या तेलात काजळी कालवून काळाकुट्ट लेप द्यायचा, म्हणजे पाणी मुरत नाही. लेप दिला की कुणाची फळी कोणती, काही कळायचं नाही. कळू नये, असंच जुन्या माणसांना वाटत होतं.

एकच फळी ओळखू यायची. टोकाची. धक्क्याच्या अगदी शेवटी, दोन खांबांच्या डोक्यांवर ती एकटी आडवी टाकलेली असायची. खाली दुसरा आधार नाही. होडी लागायची ती तिला, आणि समुद्रावरून आलेल्या माणसाचा पहिला पाय पडायचा तो तिच्यावर. ही फळी देण्याचा मान हसाजी नाखवाच्या घराण्याचा होता. नाखवा म्हणजे होडीचा मालक. गावातली सगळ्यात मोठी होडी हसाजीची, आणि गावातला सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच.

आता त्या लाकडाचं सांगते. नीट ऐका, कारण असं लाकूड पुन्हा कुणी पाहिलं नाही.

हसाजीच्या आजाच्या वेळी नदीला असा पूर आला की डोंगराचा एक कडाच्या कडा वाहून गेला. त्या पुरात ऐनाचं एक झाड मुळासकट खाली आलं. ऐन म्हणजे रानातलं दांडगं झाड, मगरीच्या पाठीसारखी त्याची साल. पण हे तर साऱ्या ऐनांचा आजा होतं. खाडीत येऊन आडवं पडलं, तर अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचा माणूस दिसेना. गाव बघायला लोटलं. येताना सगळे ओरडत आले होते. जवळ पोचले आणि एकेक करून गप्प झाले. पुरुषांनी डोक्यावरची मुंडाशी काढली, बायकांनी पदर सारखे केले. कुणी सांगितलं नव्हतं हो, आपोआप हात तिकडे गेले.

आजानं तो बुंधा खाडीच्या चिखलात पुरून ठेवला. लाकूड चिखलात मुरलं की मग ते वाकत नाही, तडकत नाही, त्याला कीड लागत नाही. आजा गेला, बापही गेला, बुंधा तिथंच मुरत राहिला. हसाजीच्या वेळी धक्का खचला, तेव्हा साऱ्या गावानं दोर लावून तो वर ओढला. धुतला. वरचं पांढरं लाकूड गळून गेलं होतं, आतलं काळं तेवढं उरलं होतं. कापताना करवतीचे दात बोथट झाले. कडेकडेचं लाकूड ज्याला हवं त्यानं नेलं, आणि शेवटी अगदी गाभ्यातून एक फळी निघाली.

काय फळी होती ती! लांब, रुंद, जाड, आणि अंगावर रेषाच रेषा, एकीत एक, एकीत एक. सुतारानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. ‘ठण्ण!’ असा आवाज आला. देवळातली घंटा वाजावी तसा.

“एकेक रेष म्हणजे एकेक पावसाळा,” सुतार म्हणाला. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. “नाखवा, हे झाड रुजलं तेव्हा आपलं गाव नव्हतं. कदाचित ही खाडीसुद्धा नव्हती.”

हसाजीनं फळीवरून हात फिरवला. त्याच्या अंगावर काटा आला. आणि तिथंच, बघा, त्याच्या मनात पाप शिरलं. एवढी देखणी वस्तू आपली आहे म्हटल्यावर ती आपल्याच घरात असावी, असं त्याला वाटू लागलं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, “चांगुणा, या फळीचा मी झोपाळा करणार. ओटीवर टांगतो, पितळी कड्या लावून. आल्यागेल्यानं तोंडात बोट घालावं.”

“आणि धक्क्याला काय देणार?” चांगुणानं विचारलं.

“परसातला आंबा पडलाय ना? त्याची काढू की. तेवढीच लांब, तेवढीच जाड.”

“आंबा? खाऱ्या पाण्यावर?” चांगुणा हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली. “अहो, शुद्धीवर आहात ना? आंब्याचा किडा भुगा करून टाकेल. त्या फळीवर माणसं उतरतात!”

“माणसं उतरतात, चिखलाचे पाय पुसतात, टोपल्या आपटतात. त्यासाठी ऐनाचा गाभा घालू? अगो, तेल-काजळी फासली की आंबा काय नि ऐन काय! रंग दिल्यावर कोण बघतो?”

“पहिला पाय तुमचाच पडेल तिच्यावर.”

“माझा पाय मी बघून टाकेन,” हसाजी हसून म्हणाला. “तू फक्त सुताराकडून दोन्ही कामं करून घे. मी आठवडाभर बाहेर आहे. आणि बाहेर ब्र काढू नकोस.”

चांगुणानं ब्र काढला नाही. ती नवऱ्याशी भांडत बसणाऱ्यातली नव्हती, आणि त्याचं निमूट ऐकणाऱ्यातलीही नव्हती.

हसाजी परत आला तेव्हा नवा धक्का काळाभोर, तेलानं चमकत उभा होता. ओटीवर झोपाळा टांगलेला होता. त्याला लाखेचा लालबुंद रंग, कोपऱ्यांत पितळी कड्या. हसाजी त्यावर ऐसपैस बसला, पायानं झोका घेतला, आणि त्याची छाती फुगली. झोपाळा जरा कुरकुरला.

“नवा आहे, बसेल हळूहळू,” तो म्हणाला.

“बसेल,” चांगुणा म्हणाली आणि चूल फुंकायला आत गेली.

त्या दिवसापासून हसाजीला दोन सवयी लागल्या. पहिली, दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून झोपाळा दाखवायची. लोकांना वाटे, कडेच्या लाकडाचा केला असेल. “ऐन आहे, ऐन! माझ्या आजाचा ऐन!” तो थोपटून थोपटून सांगायचा. दुसरी सवय जरा मजेची होती. होडी धक्क्याला लागली की तो टोकाच्या फळीवर पायच ठेवायचा नाही. लांब ढांग टाकून सरळ पलीकडच्या फळीवर उतरायचा. एवढा धिप्पाड माणूस, लंगडी खेळणाऱ्या पोरासारखी ती उडी! पण गाव भोळं. लोक म्हणायचे, “बघा, नाखवाची श्रद्धा किती! फळीला पाय लावत नाही.” हसाजी मूग गिळून बसायचा. दुसरं करणार काय?

असे पावसाळे आले, गेले. टोकाच्या फळीवरून रोज माणसं उतरत होती, टोपल्या उतरत होत्या. हसाजी रोज मनात म्हणायचा, आज मोडेल. संध्याकाळी म्हणायचा, सुटलो, उद्या सुताराला सांगून बदलून टाकू. पण बदलायला गेलं की गाव विचारणार, इतक्यात का बदलता? म्हणून तो उद्या काही उजाडत नसे.

आणि एका वर्षी, दसरा होऊन गेल्यावर, समुद्र शहाण्यासारखा वागतो त्या दिवसांत, तो उठला.

सकाळी आभाळ निळं होतं. दुपारी पश्चिमेकडून काळं काहीतरी वर येऊ लागलं, आणि बघता बघता त्यानं अर्धं आभाळ गिळलं. वारा आधी थांबला. अगदी थांबला, पक्षीही गप्प झाले. मग एकदम सुटला तो असा, की गावातली कौलं पत्रावळींसारखी उडाली. लहान होड्या आधीच आल्या होत्या. हसाजीची मोठी होडी तेवढी बाहेर होती, तिच्यात हसाजी स्वतः, गावातले निम्मे तरणेताठे पुरुष, आणि सुकाणूवर हसाजीचा धाकटा भाऊ देवजी.

समुद्र तर त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. पण असा नाही. पाण्याचे डोंगर उठत होते, आणि डोंगराच्या माथ्यावरून दुसरा डोंगर दिसत होता. कुणी रडत नव्हतं, कुणी देवाचं नाव घेत नव्हतं. एवढ्या थोर गोष्टीपुढं माणसाचा आवाजच निघत नाही. देवजीनं कसंतरी सुकाणू धरून होडी खाडीच्या तोंडात घातली, आणि समोर धक्का दिसला.

धक्क्यावर बायका उभ्या होत्या, एकीच्या कमरेचा दोर दुसरीच्या हातात. सगळ्यांत पुढं, टोकाच्या फळीवर, पदर खोचून उभी होती चांगुणा.

होडी बांधायची सोयच नव्हती. दोर फेकला तो तुटला. लाट आली की होडी धक्क्याच्या उंचीला यायची, पळभर थांबायची आणि पुन्हा खाली जायची. त्या पळात उडी मारायची, बस. उडी पडणार टोकाच्या फळीवर. तिच्या मागच्या फळीपर्यंत एवढ्या वाऱ्यात कुणाची झेप पोचणार? फळी मोडली, तर माणूस खांब आणि होडी यांच्यामध्ये सापडून चिरडणार, आणि उरलं काही तर ते चिखल घेणार.

“नाखवा!” देवजी ओरडला. “एकेकाला पाठवतो! फळी धरेल ना?”

सगळे खलाशी हसाजीकडे बघू लागले. फळी त्याच्या घराण्याची होती, म्हणून त्याला विचारलं. साधा प्रश्न होता. ‘धरेल’ म्हणायला काय लागतं? आणि ‘धरेल’ म्हटलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं. मोडलीच असती तर दोष वादळाचा.

हसाजीनं समोर पाहिलं. त्या फळीवर त्याची बायको उभी होती आणि टाच आपटून आपटून काहीतरी ओरडत होती. वारा तिचा शब्द तोंडातून बाहेर पडू देत नव्हता. 

“नाही धरणार!” तो म्हणाला. “ती ऐनाची नाही. आंब्याची आहे. ऐन मी घरी नेला. झोपाळ्याला.”

 देवजीनं भावाकडे फक्त एकदा पाहिलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हसाजी पुढं आयुष्यभर म्हणत असे.

“मी पहिला जातो,” हसाजी म्हणाला. “माझ्याखाली मोडली तर कुणी उडी मारू नका. होडी वळवा, नदीच्या दिशेनं जाऊ द्या, देव तारील तसं.”

“नाखवा शेवटी उतरतो! समुद्रावरची रीत आहे!” देवजी ओरडला.

“फळी माझी आहे,” हसाजी म्हणाला आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चढला.

लाट आली. होडी वर उचलली गेली. हसाजीनं डोळे मिटले नाहीत; चांगुणाला मागे सरायची खूण केली, आणि तो धिप्पाड देह त्यानं दोन्ही पायांनी त्या फळीवर झोकून दिला.

फळी हललीसुद्धा नाही.

तो तिच्यावर ओणवा पडला होता, दोन्ही हातांनी तिला धरून. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, खाली खांब थरथरत होते, सारा धक्का करकरत होता. आणि त्याच्या छातीखालची फळी मात्र अशी शांत, जणू ती या समुद्राला त्याच्या लहानपणापासून ओळखत होती. हसाजीचं सारं अंग शहारलं. भीतीनं नव्हे, बरं का. भीती केव्हाच मागे राहिली होती.

“या!” तो गुडघ्यांवर उभा राहून ओरडला. “धरते! धरते रे!”

मग एकेक जण आला. लाट यायची, माणूस यायचा, हसाजी आणि चांगुणा त्याला झेलून मागच्या बायकांच्या हाती द्यायची. मधेच रिकामी होत चाललेली होडी भेलकांडली आणि तिची नाळ फळीवर आदळली. सगळ्यांनी श्वास रोखला. मोडली ती नाळ. शेवटी देवजी सुकाणू सोडून धावला आणि त्यानं उडी घेतली. त्याचा हात हसाजीच्या हातात आला, आणि मागे ती मोठी होडी वाऱ्यानं फिरली, चिखलात गेली, हळूहळू खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या डोलकाठीचं टोकही दिसत नव्हतं.

पण माणसं सगळी आली होती. एकूण एक!

वादळ ओसरल्यावर गावात एकच गलका झाला. खलाशांनी होडीतली गोष्ट सांगितली. आंब्याच्या फळीनं माणसं तारली! म्हाताऱ्या बायका हळदकुंकू घेऊन धक्क्याकडे धावल्या. हसाजी टोकाच्या फळीवर पालथा पडून रडत होता, “माझी लायकी नव्हती गो बाय, तरी तू आंब्याची ऐन झालीस!” चांगुणा ओठ चावत बाजूला उभी होती. तिनं त्याला पोटभर रडू दिलं.

“घरी चला आता,” ती शेवटी म्हणाली. “चिंब झालात.”

घरी येऊन हसाजी तसाच ओला, थकलेला, ओटीवरच्या झोपाळ्यावर मटकन बसला.

कडाड! झोपाळा मधोमध मोडला आणि नाखवा जमिनीवर आपटला. चार बाजूंनी चार पितळी कड्या हलत राहिल्या. लाल रंगाच्या आतून पिवळट भुगा भसाभस सांडला, त्यात गुबगुबीत किडे वळवळत होते.

चांगुणानं तोंडाला पदर लावला. आधी हसली, मग हसता हसता रडली, मग तिथंच त्याच्याशेजारी भुग्यात बसली.

हसाजी भुग्याकडे बघत राहिला. मग बायकोकडे. “तू…?”

“मी आणि सुतारानं. तुम्ही बाहेर गेलात त्याच दिवशी,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होतात, रंग दिल्यावर कोण बघतो. नाही बघितलंत. इतके दिवस आंब्यावर झोके घेतलेत आणि ऐनावरून उड्या मारल्यात! आज घसा फुटेस्तोवर ओरडत होते मी, ऐन आहे, ऐन आहे म्हणून.”

“मला ऐकू आलं नाही.”

“ठाऊक आहे. न ऐकताच उडी मारलीत.” तिनं पदरावरचा भुगा झटकला. “माझं माणूस रोज त्या फळीवर उतरतं हो. मी तिथं आंबा कसा घालू?”

दुसऱ्या दिवशी समुद्र लोण्यासारखा मऊ होता. हसाजी एकटाच धक्क्याच्या टोकाला गेला. वाकला, आणि बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केलं.

‘ठण्ण!’

तो बराच वेळ तिथं उकिडवा बसून होता. मग उठला आणि देवजीच्या घरी गेला. दोघं भाऊ काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण पुढल्या हंगामाला नवी होडी दोघांनी मिळून बांधली, आणि तिच्यात खलाशी तेच होते.

ओटीवरच्या पितळी कड्या हसाजीनं काढल्या नाहीत. तशाच रिकाम्या लोंबत ठेवल्या. पाहुणा आला आणि “नाखवा, तुमच्या झोपाळ्याची फळी कुठं गेली?” म्हणाला, की हसाजी त्याला हाताला धरून धक्क्यावर न्यायचा, टोकाच्या त्या काळ्या फळीवर बसवायचा, आणि म्हणायचा, “ही काय! बसा की, ऐसपैस बसा. सगळ्या गावाची आहे.”

आणि हो, त्या दिवसापासून होडीतून उतरताना त्यानं ढांग टाकली नाही. आधी उजवा पाय त्या फळीवर, मग डावा, आणि मगच पुढं.

या गोष्टीचं तात्पर्य तुमच्या पदरात टाकते, नीट सांभाळा: ज्या फळीवर दुसऱ्याचा पाय पडायचा आहे, ती निवडताना आपलं माणूस तिच्यावर उभं आहे असं समजून निवडावी, कारण ते खरंच तिथं उभं असतं.